अप्पांच्या इंग्रजीला हसायचं की नाही?

प्रश्न: 'किम्स कन्व्हीनियन्स' बघतेय सध्या, टोरंटोत छोटं दुकान चालवणाऱ्या कोरियन कुटुंबाची कॅनडियन सिरीयल. मी हसून हसून लोळतेय आणि माझी मुलगी चिडलीय, म्हणते आई तू त्या माणसाच्या तुटक्या इंग्रजीला हसतेयस, हे रेसिस्ट आहे. खरंच तसं आहे का हो?

उत्तर: हसा बिनधास्त, पण पोरीचं बोलणं अगदीच उडवून लावू नका, कारण एका ठिकाणी ती बरोबर आहे, त्यावर येतोच.

अप्पा म्हणजे कोरियनमध्ये बाबा आणि उम्मा म्हणजे आई (आपल्या आप्पांशी जुळतंय तो निव्वळ योगायोग, पण स्वभावही जुळतो राव). हे अप्पा करणारा पॉल सन-ह्युंग ली कॅनडातच लहानाचा मोठा झालाय, मुलाखतीत त्याचं इंग्रजी ऐका, कुठल्याही कॅनडियन माणसासारखं आहे. म्हणजे तो उच्चार मुद्दाम लावलेला. पण तो हा रोल २०११ पासून करत आला, सिरीयल ज्याच्यावरून निघाली ते इन्स चोईचं मूळ नाटक टोरंटोच्या फ्रिंज फेस्टिव्हलमध्ये (छोट्या, प्रायोगिक नाटकांचा महोत्सव) झालं तेव्हापासून, आणि चोई स्वतः कोरियन घरातला, फ्रिंजमध्ये तर मुलगा जंग त्यानेच केला होता. बाहेरच्या कुणी येऊन काढलेली ही नक्कल नाहीये.

आता पहिलाच एपिसोड आठवा. प्राइडच्या (समलिंगी लोकांच्या उत्सवाच्या) आठवड्यात गिऱ्हाइकांसमोर अप्पा काहीतरी बोलून बसतात, ते अंगाशी येतंय म्हटल्यावर जागच्या जागी 'गे डिस्काउंट' जाहीर करतात, १५ टक्के, आणि वर कोण खरा गे आणि कोण नुसता सवलतीसाठी सांगतोय ते आपण बघूनच ओळखतो म्हणतात!! तुम्ही तिथे हसलात ते व्याकरणाला नाही हसलात, चूक कबूल करण्यापेक्षा १५ टक्के सोडेन म्हणणाऱ्या हट्टी माणसाला हसलात. तो माणूस कोरियात शिक्षक होता आणि इथे काउंटरमागे चिप्स, लॉटरीची तिकिटं विकतो, हे डोक्यात ठेवून परत बघा, त्याचं ते ग्राहकांना सारखं काहीबाही शिकवत बसणं वेगळंच दिसायला लागतं.

आता मुलीचं कुठे बरोबर आहे ते. अप्पा आणि उम्मा घरात दोघंच असतात, ऐकायला पोरं नाहीत की गिऱ्हाईक नाही, तरी बहुतेक वेळा एकमेकांशी त्याच अडखळत्या इंग्रजीत बोलतात. कशाला बोलतील हो? कोरियनमध्ये बोलले असते आणि खाली सबटायटल दिलं असतं तर नवरा-बायको एकमेकांशी किती झरझर आणि तिरकस बोलतात ते कळलं असतं. हे असं केलंय ते फक्त इंग्रजी प्रेक्षकांच्या सोयीसाठी असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तिथे मलाही खटकतं.

प्रश्न: दुकान खरं आहे का?

उत्तर: बाहेरून खरं. क्वीन स्ट्रीट ईस्टवरचं चालू दुकान होतं, त्याच्यावर सिरीयलची पाटी लावली. आतलं सगळं मात्र स्टुडिओतला सेट.

प्रश्न: शेवट असा अर्धवट का वाटतो? सहावा सीझन येणार होता ना?

उत्तर: येणारच होता, २०२० मध्ये पाचवा आणि सहावा दोन्ही मंजूर झाले होते. मग २०२१ च्या मार्चमध्ये निर्मात्यांनी सांगितलं की पाचव्यावरच थांबतोय, कारण चोई आणि त्याचा साथीदार केव्हिन व्हाइट दुसऱ्या कामांकडे वळले होते, आणि एप्रिलमध्ये शेवटचा भाग लागून गेलासुद्धा. तेव्हा वाटलं ठीक आहे, लेखक दमले असतील. पण जूनमध्ये सिमू लिऊ, म्हणजे आपला जंग (तो स्वतः मूळचा चिनी बरं का, हार्बिनचा), त्याने फेसबुकवर भडास काढली, की निर्माते बहुतेक गोरे, कलाकारांचं म्हणणं लिखाणात घेतलं जात नव्हतं, पैसेही कमी. मग उम्मा करणाऱ्या जीन यून पण बोलल्या, लेखकांच्या टीममध्ये आशियाई बायका, त्यातून कोरियन, नसल्याचा फार त्रास झाला आणि पाचव्या सीझनच्या पहिल्या मसुद्यांत वंशद्वेषी म्हणावं असं बरंच काही होतं म्हणून.

म्हणजे कोरियन घराची गोष्ट, आणि ते घर आतून माहीत असलेले लेखक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यातला चोई गेला की दुकान बंद. आणि नंतर त्यातून जी नवी सिरीयल निघाली 'स्ट्रेज', ती कुणावर, तर शॅननवर, जंगची बॉस, मुख्य कलाकारांमधली एकटी गोरी. यावर मी अजून काय बोलू.

प्रश्न: वेळ कमी आहे, ६५ भाग होणार नाहीत. कुठून बघू?

उत्तर: पहिला सीझन सलग बघाच. त्यात अप्पा आणि जंगचा अबोला आहे, पोरगा सोळाव्या वर्षी घर सोडून गेलाय आणि उम्मा अप्पांच्या नकळत त्याला डबा नेऊन देते. नंतर हवं तसं इकडून तिकडून बघा. आणि जमलं तर त्या सगळ्या गोंधळाची बातमी आधी वाचू नका, उगाच प्रत्येक जोकला थांबून हा कोणी लिहिला असेल असं वाटत राहतं, माझं दुसऱ्यांदा बघताना तेच झालं.