निळी खूण दिसली तर

प्रश्न : स्वित्झर्लंडच्या आल्प्समध्ये पहिल्यांदाच पायी फिरणार आहे. वाटेवरच्या रंगीत खुणांचा अर्थ काय?

उत्तर : नुसता पिवळा म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा ही डोंगरवाट : अरुंद, काही ठिकाणी कड्यालगतची, पाऊल पक्कं हवं. पांढरा-निळा-पांढरा दिसला, की ती अल्पाइन वाट. तिथे हिमनदी ओलांडावी लागू शकते, खडकावर हात टेकून चढावं लागतं. दोर आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची छोटी कुऱ्हाड) वापरता यायला हवी. अशाच एका निळ्या खुणेपासून मी एकटा असताना मागे फिरलो होतो. तुम्हीही पहिल्या खेपेला तेच करा. आणि हो, पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. तीन तास लिहिले असतील तर मी साडेचार धरतो. उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात, म्हणून पहाटेच निघा. हवाई बचावासाठी क्रमांक १४१४.