डिस्टिलरीच्या बायोगॅसवर सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल चालेल का?

चालेल, पण गॅस आधी कसून साफ करावा लागेल. सांगली भागातल्या कारखान्यांच्या स्पेंटवॉशमधून (अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यातून) निघणारा बायोगॅस बॉयलरला चालतो, या सेलला (इंधन न जाळता त्यातून थेट वीज काढणाऱ्या साधनाला) तसाच चालत नाही.

सेलच्या मधोमध झिर्कोनियाचा (झिर्कोनियम ऑक्साइड, त्यात थोडा यट्रिया म्हणजे यट्रियम ऑक्साइड) सिरॅमिक थर असतो. साधारण ८०० अंश सेल्सिअसला त्यातून हवेतल्या ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात आणि इंधनाशी संयोग होऊन वीज मिळते. ज्वाला नाही, टर्बाइन नाही. म्हणूनच विजेची कार्यक्षमता ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय गरम वायू मिळतात, त्यावर वाफ करता येते. बायोगॅसमधल्या मिथेनचं रिफॉर्मिंग (वाफेच्या मदतीने हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर) आतच होतं आणि कमी तापमानाच्या सेलला विष ठरणारा कार्बन मोनॉक्साइड इथे इंधन म्हणून खपतो.

खरी डोकेदुखी हायड्रोजन सल्फाइडची. एक-दोन पीपीएमनेही (दहा लाखांत एक-दोन भाग) अॅनोडमधलं, म्हणजे इंधनाकडच्या इलेक्ट्रोडमधलं, निकेल मंदावतं, आणि स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तो टक्क्यांत असतो! वाफ कमी पडली तर निकेलवर कार्बनही साचतो.

विद्यापीठांतलं बरंचसं संशोधन याच दोन दुखण्यांवर आणि तापमान ६०० अंशांच्या आसपास उतरवण्यावर चाललंय. त्यासाठी झिर्कोनियाऐवजी गॅडोलिनियम धातू मिसळलेला सेरिया (सेरियम ऑक्साइड) वापरून पाहतात. भारतात कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेत या सेलवर काम झालंय.

आज पैसे घालायचे असतील तर माझ्या मते गॅस इंजिनच घ्या. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मात्र गंधक सोसणारा अॅनोड हा झकास विषय आहे.