दीडशे अर्ज गेले, बोलावणं एकही नाही

आप्पा, नमस्कार.

पत्राखाली तुम्ही नुसतं ‘आप्पा’ लिहिलंय, म्हणून मीही तेच म्हणतो. अमळनेर तालुक्यातून तुम्ही कळवलंत की मुलगा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाला, त्याला दोन वर्षं झाली. मोबाइलवरून दीडशेच्या वर अर्ज केले, पण मुलाखतीचं बोलावणं एकही नाही. आता तो दुपारपर्यंत उठत नाही आणि काही विचारलं तर जेवणावरून उठून जातो. ‘त्याला उमेद येईल असे दोन शब्द लिहा,’ अशी तुमची विनंती आहे.

दोन शब्दांनी उमेद येणार असती तर तुमच्याच शब्दांनी आली असती. दीडशे वेळा हाक मारून एकदाही ओ आली नाही तर कुणीही खचेल. पोरगा आळशी आहे असं मला तुमच्या पत्रातून कुठेच दिसलं नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका.

तुम्ही कापूसवाले. कपाशी उगवलीच नाही तर तुम्ही बियाणं आणि ओल बघता. पातेगळ झाली तर कारण वेगळं, बोंडअळी पडली तर इलाज वेगळा. नोकरीच्या शोधाचंही तसंच आहे. मुलाखतीला बोलावतात पण निवड होत नाही, तर तयारी कमी पडते. निवड होते पण गाडी पगारावर अडते, तर अपेक्षा तपासायची. तुमच्या मुलाचं तर उगवलंच नाही. म्हणजे दोष अर्जात आहे, किंवा अर्ज जातो त्या जागेत. मुलाखतीचे व्हिडिओ बघत बसून याचा इलाज होणार नाही.

पारोळ्याकडची एक मुलगी माझ्याकडे आली होती, तीही केमिस्ट्रीचीच. तिच्या बायोडेटात लिहिलं होतं: मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘टायट्रेशन कसं करतेस ते सांग.’ टायट्रेशन म्हणजे द्रावणात एखादा पदार्थ किती आहे ते मोजायची प्रयोगशाळेतली रीत. तिचा चेहराच बदलला. ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणा असलेली तोटीची काचनळी, आधी पाण्याने, मग जे द्रावण भरायचं त्याच द्रावणाने खंगाळायची. तोटीतला हवेचा बुडबुडा काढायचा, नाहीतर रीडिंग चुकतं. डोळा द्रावणाच्या पातळीला आणायचा. रीडिंग जुळेपर्यंत पुन्हा करायचं. पाच मिनिटं ती न थांबता बोलत होती. मी म्हटलं, ‘अगं, हे कागदावर कुठंय?’ ते तिला लिहिण्यासारखं वाटलंच नव्हतं. आम्ही तो बायोडेटा तिथेच नव्याने लिहिला, एक पान. वर तिला हाताने काय करता येतं ते आलं, गुण आणि छंद खाली गेले.

तुमच्या मुलालाही हेच करू द्या. प्रयोगशाळेत काय काय हाताळलं, पीएच मीटर, कलरीमीटर, प्रोजेक्ट कशावर होता, सगळं. जे फक्त लांबून पाहिलं ते मात्र लिहू नये. पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

दुसरी गोष्ट जागेची. मोबाइलवर बटण दाबून गेलेला अर्ज शेकडो अर्जांच्या ढिगात पडतो. केमिस्ट्रीच्या पोराला काम कुठे असतं? केमिकल आणि औषध कंपन्यांच्या क्यूसी म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात, तेल गिरण्यांच्या आणि खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत, पाणी आणि माती तपासणीत. जळगाव आणि धुळ्याच्या एमआयडीसीत त्याने स्वतः जावं, गेटवर एचआरची वेळ विचारावी, बायोडेटा हातात द्यावा. आणि खान्देशातली मुलं पुण्याकडेच डोळे लावून बसतात, याचं मला वाईट वाटतं. अमळनेरहून सुरतेची गाडी सरळ आहे, आणि सुरतेच्या पुढे अंकलेश्वर म्हणजे केमिकल कारखान्यांची मोठी वसाहत. तिथे फ्रेशरसाठी वॉक-इन, म्हणजे थेट जाऊन द्यायच्या मुलाखती, निघतात. भाषेची भीती आपल्याकडच्या पोराने बाळगू नये. अहिराणी कानात असलेल्याला गुजराती लवकर कळते. पहिला पगार हातात येईल तेव्हा कमीच वाटेल. तरी एक वर्ष काढावं, कारण ‘अनुभव किती?’ या प्रश्नाला मग उत्तर असतं.

जळगावच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातही एक चक्कर मारू द्या. शिकाऊ उमेदवारीच्या जागा आणि २०२४ साली सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना यांची आजची स्थिती तिथे समोरासमोर विचारता येईल. ते प्रशिक्षण असतं, कायमची नोकरी नव्हे, हे आधीच समजून घ्यावं. आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी आधी पैसे मागितले, मग तो डिपॉझिट म्हणो की फाइल चार्ज, एक रुपया देऊ नका. घाईला आलेल्या घरांनाच हे लोक हेरतात.

दिवस कसा घालवायचा, तर सकाळचे दोन तास नोकरीचे. आठवड्याला पाचच अर्ज, पण प्रत्येक त्या कंपनीचं काम वाचून केलेला. एका वहीत तारीख, कंपनी, कुणाशी बोललो, पुढे काय झालं, एवढंच लिहायचं. उरलेल्या वेळात शेतात हात लावला तर उत्तम. उपकार म्हणून नव्हे. दिवसाकाठी एक काम पुरं झालं की रात्री झोप लागते, आणि झोप लागली की सकाळी उठवावं लागत नाही.

तुमच्याकडूनही एक हवंय, आप्पा. रोज संध्याकाळी ‘काही झालं का?’ विचारणं बंद करा. रविवारी दोघं बसा आणि ती वही बघा. भाऊबंदांतला कुणी ‘पोरगा काय करतो?’ म्हणाला तर मुलाच्यादेखत ‘घरीच आहे’ म्हणू नका, ‘नोकरी शोधतोय’ म्हणा. तो ऐकत असतो.

महिनाभराने त्यालाच मला लिहू द्या. नवा बायोडेटा आणि वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवा. मी एकेक ओळ वाचून उत्तर देईन.