वाचकांचे प्रश्न : सर्पविष आणि औषधोपचार

सर्पविषाच्या वैद्यकीय उपयोगांविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या वडिलांना रक्तदाबासाठी अनेक वर्षे एनालाप्रिल ही गोळी चालू आहे. अशा गोळ्या सापाच्या विषापासून तयार होतात, असे कोणीतरी सांगितल्यापासून त्यांनी ती घेणे बंद केले आहे. यात तथ्य किती?

उत्तर : सर्वांत आधी त्यांच्या डॉक्टरांशी आजच बोलून घ्यावे. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करण्यात जो धोका आहे, त्याच्या तुलनेत ऐकीव माहितीमुळे वाटणारी भीती अगदीच निराधार आहे. त्या गोळीत सापाचे विष नसते. ती पूर्णपणे रासायनिक प्रक्रियेने कारखान्यात तयार होते. मात्र या औषधांचा शोध सर्पविषाच्या अभ्यासातून लागला, हे खरे आहे.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा साप आढळतो. त्याच्या दंशानंतर माणसाचा रक्तदाब झपाट्याने घसरू शकतो. हे विष रक्तातील एका प्रथिनापासून ब्रॅडिकायनिन नावाचा, रक्तवाहिन्या रुंदावणारा पदार्थ मोकळा करते, असे मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. पुढे सेर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात काही छोटी पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखेच पण लहान रेणू, सापडली, आणि ती ब्रॅडिकायनिनचे विघटन रोखून त्याचा परिणाम वाढवतात असे आढळले. फेरेरा हा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. शरीरात रक्तवाहिन्या आकुंचित करणारा अँजिओटेन्सिन हा पदार्थ ज्या एन्झाइममुळे (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे) क्रियाशील होतो, त्या एन्झाइमलाही ही पेप्टाइडे अडवतात, हे तेथे स्पष्ट झाले.

त्यांतील टेप्रोटाइड नावाच्या, नऊ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडने रुग्णांचा रक्तदाब खरोखरच उतरला. पण पोटात गेल्यावर ते पचून जात असल्याने इंजेक्शनखेरीज देता येत नव्हते, आणि जन्मभर घ्यायच्या औषधाच्या दृष्टीने ही अडचण मोठी होती. स्क्विब कंपनीतील मिगेल ओन्डेटी आणि डेव्हिड कुशमन यांनी मग विषाचा नाद सोडून एन्झाइमकडे लक्ष वळवले. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो, हे लक्षात घेऊन त्या जस्ताला धरून ठेवील असा गंधकयुक्त गट त्यांनी एका लहानशा रेणूला जोडला. हेच कॅप्टोप्रिल. १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आपल्या वडिलांची गोळी याच कुळातली आहे. औषधशास्त्राच्या इतिहासात इतके सुरेख उदाहरण क्वचितच आढळते, असे मला मनापासून वाटते.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. या गोळ्यांनी काही जणांना कोरडा, चिवट खोकला लागतो. ज्या एन्झाइमला त्या अडवतात तेच ब्रॅडिकायनिनचेही विघटन करत असल्याने तो पदार्थ साचत जातो, आणि खोकल्यामागचे ते एक महत्त्वाचे कारण मानले जाते. तसा त्रास असेल तर डॉक्टर दुसऱ्या गटातील औषध देऊ शकतात. गर्भवती स्त्रियांना या गोळ्या देत नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलीचा एकापेक्षा अधिक वेळा गर्भपात झाला. तिच्या रक्ततपासणीच्या अहवालात ‘रसेल्स व्हायपर व्हेनम टाइम’ असे लिहिलेले पाहून आम्ही घाबरलो. तिच्या शरीरात विष सोडले होते का?

उत्तर : नाही. आपली काळजी समजण्यासारखी आहे, पण विषाचा तो अंश फक्त परीक्षानळीत, काढून घेतलेल्या रक्तातील द्रवभागात मिसळला गेला. तिच्या शरीराशी त्याचा काहीही संबंध आला नाही.

रसेल्स व्हायपर म्हणजे आपली घोणस. या सापाच्या विषात एक घटक असा असतो, की तो रक्त साकळण्याच्या लांबलचक साखळीतील आधीचे टप्पे वगळून त्या साखळीतील ‘फॅक्टर दहा’ या प्रथिनाला थेट चालना देतो. तपासणीत अत्यंत विरल केलेले हे विष, कॅल्शियम आणि साकळण्यासाठी लागणारा फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ अगदी थोडा रक्तद्रवात घालतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. काही व्यक्तींच्या रक्तातील प्रतिपिंडे फॉस्फोलिपिडलाच गुंतवून ठेवतात, त्यामुळे गुठळी उशिरा धरते. नंतर फॉस्फोलिपिड भरपूर वाढवून तीच तपासणी पुन्हा केली आणि वेळ पूर्ववत झाला, तर अशी प्रतिपिंडे असल्याचा निष्कर्ष निघतो. नळीत साकळणे लांबवणारी ही प्रतिपिंडे प्रत्यक्ष शरीरात मात्र गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवतात आणि वारंवार होणाऱ्या गर्भपातांचे ते एक कारण असू शकते. अहवालात अशी प्रतिपिंडे दिसली तरी एकाच तपासणीवर निदान पक्के करत नाहीत. किमान बारा आठवड्यांनी ती पुन्हा करतात. मुलगी रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास तसे आधीच सांगावे, कारण त्याने निष्कर्ष बदलू शकतो. निदान निश्चित झाले, तर पुढील गर्भारपणासाठी उपचार उपलब्ध आहेत.

प्रश्न : सर्पविषाने रक्त गोठते असेही वाचले आणि पातळ होते असेही वाचले. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे, कारण विष हा एक पदार्थ नसून अनेक प्रथिनांचे आणि पेप्टाइडांचे मिश्रण असते. घोणस जातीच्या सापाचे विरल केलेले विष जखमेवर लावून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न साकळण्याच्या विकाराच्या) रुग्णांचा रक्तस्राव थांबवता येतो, असे मॅक्फार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ साली इंग्लंडमध्ये मांडले होते. याउलट फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन हे प्रथिन प्लेटलेट एकमेकांना चिकटू देत नाही. त्याच्या रचनेवरून टिरोफिबान तयार झाले, आणि अमेरिकेतील एका छोट्या रॅटलस्नेकच्या विषातील प्रथिनावरून एप्टिफिबाटाइड. दोन्ही औषधांना १९९८ साली मान्यता मिळाली. हृदयविकाराच्या तीव्र झटक्यात आणि अँजिओप्लास्टीच्या वेळी ती शिरेतून, रुग्णालयातच देतात. प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला असे मात्र नाही. मलायातील एका सापाच्या विषापासून मिळवलेले अँक्रॉड पक्षाघातावर गुणकारी ठरेल अशी मोठी आशा होती, पण मोठ्या चाचण्यांतून तिला आधार मिळाला नाही.

प्रश्न : कर्करोग, संधिवात, सुरकुत्या अशा सर्वांवर सर्पविषयुक्त थेंब आणि मलमे विकली जातात. ती वापरावीत का?

उत्तर : वापरू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. प्रयोगशाळेतील बशीत विषाने कर्करोगाच्या पेशी मरतात हे खरे आहे, पण त्या बशीत निरोगी पेशी ठेवल्या तर त्याही मरतात; निवडकपणे आणि सुरक्षित मात्रेत काम करणे ही औषधाची खरी कसोटी असते, आणि कर्करोगावर ती पार केलेले सर्पविषजन्य औषध आज नाही. ब्लॅक मांबाच्या विषातील मांबाल्जिन या पेप्टाइडांनी उंदरांच्या वेदना कमी होतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले. संशोधन आशादायक आहे, पण त्याचे औषध झालेले नाही. सुरकुत्यांच्या काही मलमांत तर विष नसतेच, विषातील एका पेप्टाइडची नक्कल करणारा कृत्रिम पदार्थ असतो. कर्करोगाच्या रुग्णाने अशा थेंबांच्या भरवशावर चालू उपचार थांबवले, तर गेलेला वेळ परत मिळत नाही, आणि जाहिरातदारांवर माझा राग आहे तो याचसाठी.

प्रश्न : कृत्रिम औषधे बनू लागली, मग साप पाळून विष काढण्याची गरज काय?

उत्तर : प्रतिविषासाठी, म्हणजे सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या औषधासाठी, ती गरज आजही आहे, आणि माझ्या मते विषाचा सर्वांत मोठा वैद्यकीय उपयोग तोच आहे. काचपात्रावर ताणलेल्या पातळ पडद्यावर सापाला चावू देऊन विष गोळा करतात आणि ते गोठवून सुकवतात. त्याची अल्प मात्रा वाढवत वाढवत घोड्याला टोचली जाते आणि घोड्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून प्रतिविष बनते. आल्बेर काल्मेत यांनी १८९०च्या दशकात ही पद्धत प्रत्यक्षात आणली. एका सापाचे प्रतिविष दुसऱ्या सापाच्या विषावर चालेलच असे नाही, हे ब्राझीलचे व्हितल ब्राझील यांनी लवकरच दाखवून दिले. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशागणिक बदलते, म्हणून ज्या भागातील रुग्णांसाठी प्रतिविष बनवायचे, तेथील सापांचे विष मिळवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्पदंशाने जगात दरवर्षी ८१,००० ते १,३८,००० माणसे मरतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांवर काम सुरू आहे, तरी सध्या दंश झालेल्या माणसाला रुग्णालयात जे प्रतिविष मिळते, ते याच जुन्या मार्गाने तयार झालेले असते.