एमएस्सीची मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी शोधनिबंध वाचताना शब्दार्थातच अडकतात, काय करावं?

ओळीओळीचे शब्दार्थ लिहिणं आधी बंद करा आणि प्रस्तावनेची रचना ओळखायला शिकवा. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये दाखवून दिलं की शोधनिबंधाची प्रस्तावना साधारण तीन टप्प्यांत चालते: विषय का महत्त्वाचा, आजवरच्या कामात काय राहून गेलं, आणि हा निबंध त्यातलं काय करणार. वर्गात मी नुसत्या प्रस्तावनेची झेरॉक्स वाटते आणि 'हाउएव्हर' किंवा 'लिटल इज नोन' शोधायला सांगते. दुसरा टप्पा बहुधा तिथेच सापडतो. ते वाक्य सुटं करून त्यातला प्रश्न मराठीत, एका ओळीत लिहून घ्यायचा. (मराठीत लिहिलं की समजल्याचं सोंग करता येत नाही.) मग आकृत्या, त्यांच्याखालच्या ओळी आणि निष्कर्ष वाचायचे; कार्यपद्धती सगळ्यात शेवटी. डिक्शनरी तेव्हाच उघडायची, जेव्हा एखाद्या शब्दावाचून तो प्रश्नच कळत नसेल. गणिताच्या निबंधांना मात्र हे चालत नाही. तिथे एक व्याख्या निसटली की पुढची सिद्धता कळतच नाही, त्यामुळे पेन हातात घेऊन ओळीनेच वाचावं लागतं.