मुलगा म्हणतो देव मानत नाही, घरात रोज वाद होतात, काय करू?

मी कौन्सेलर आहे आणि हा प्रश्न माझ्याकडे सगळ्या प्रकारच्या घरांतून येतो. कुठे गणपतीच्या आरतीला उभा न राहणारा मुलगा असतो, कुठे रोजा धरायचा नाही म्हणणारी मुलगी, आणि आईवडील अगदी घायकुतीला आलेले असतात. ह्या वेळी एका मराठी ख्रिस्ती घराबद्दल लिहितेय, त्या तिघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. ख्रिस्ती घरच का, तर त्यांचा वाद नुसता देव आहे की नाही एवढ्यावर नव्हता, त्यात पुण्यात अल्पसंख्य म्हणून राहण्याचं एक वेगळंच दुखणं होतं आणि ते बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही.

कुटुंब मूळचं नगरकडचं, आता वडगावशेरीत. वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, चर्चच्या कमिटीवर, आई शाळेत शिक्षिका, मुलगा २६ वर्षांचा, हिंजवडीत आयटीत. पहिला फोन आईंचा. "मॅडम, जेवायला बसलं की सुरू होतं हो, पप्पांनी प्रार्थनेला हात जोडले की हा ताटाकडे बघत बसतो, मग ते काहीतरी बोलतात, मग हा बोलतो, आणि जेवण तसंच राहतं. तुम्ही ह्याला जरा समजवा."

समजवा म्हणजे काय, तर पुन्हा विश्वासात आणा. वडिलांचीही तीच अपेक्षा, आणि मुलाची बरोबर उलटी, की ह्या शिकलेल्या बाई आहेत, ह्या पप्पांना सांगतील की तुमचा मुलगाच लॉजिकल बोलतोय. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं की ह्यातलं काहीच माझ्याकडून होणार नाही, देव आहे का ह्याचा निकाल मी देत नाही. वडिलांनी विचारलं, तुम्ही ख्रिश्चन आहात का? मी म्हटलं नाही, वारकरी घरातली आहे. ते थोडे खट्टू झाले, पण बसले.

आता वाद कसा चालायचा ते सांगते, कारण हे कितीतरी घरांत असंच चालतं. वडिलांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला होता, की नासाच्या कॉम्प्युटरला इतिहासातला एक दिवस कमी भरला आणि बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबला होता तो दिवस निघाला. ही गोष्ट कित्येक वर्षं फिरतेय आणि ती खोटी आहे, नासाने असं काहीही शोधलेलं नाही. मुलाने तिथेच, काका-आत्या-मावश्या सगळ्यांच्या समोर, लिंक देऊन ते खोडून काढलं आणि खाली हसणारे चेहरे टाकले. वडील दोन दिवस बोलले नाहीत.

पण मुलाचाही माल सगळा चोख नव्हता. तो ठासून सांगायचा की बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची हे ३२५ साली निकाया शहरात सम्राटाने बसवलेल्या परिषदेत मतदान करून ठरलं. हेही व्हिडिओंमधून पसरलेलं चुकीचंच आहे. त्या परिषदेत मुख्य वाद अरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवरून होता, पुत्र म्हणजे येशू हा पित्यासारखाच, म्हणजे देवासारखाच, अनादि की पित्याने निर्माण केलेला, ह्यावर. पुस्तकांच्या यादीचा निर्णय तिथे झालाच नाही. आज नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, जी २७ पुस्तकं आहेत नेमकी तेवढीच सांगणारी जुन्यात जुनी यादी मिळते ती अथनासियस ह्या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात, म्हणजे चाळीसेक वर्षांनंतर.

मी दोघांना एकच काम दिलं. पुढच्या वेळी येताना आपल्याच बाजूची एक गोष्ट शोधून आणा, जी तुम्ही वादात वापरली आणि ती चुकीची किंवा कच्ची होती. समोरच्याची चूक शोधायला सगळे तयार असतात, आपली शोधायला लावली की माणूस जरा हळू बोलायला लागतो. वडील नासा घेऊन आले, मुलगा निकाया घेऊन आला. मुलाचा चेहरा पडला होता, कारण आपण फक्त पुराव्यावर बोलतो असं त्याला मनापासून वाटत होतं.

ह्याचा अर्थ मुलाचे सगळे प्रश्न फोल होते असा अजिबात नाही आणि हे मी वडिलांना स्पष्ट सांगितलं. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याने, यहूदा इस्कर्योताने, नव्या करारातल्या मत्तयाच्या पुस्तकात गळफास घेतलाय आणि त्यातल्याच प्रेषितांच्या कृत्यांत तो शेतात पडून त्याचं पोट फुटलंय. येशूची वंशावळ मत्तयात आणि लूकमध्ये वेगळी आहे, योसेफाच्या बापाचं नावच एकात याकोब आणि दुसऱ्यात एली. मार्कच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या हस्तलिखितांत नाहीत. हे सगळं सेमिनरीत, म्हणजे पाळक व्हायला शिकतात तिथे, शिकवलं जातं, श्रद्धाळू अभ्यासक त्याची उत्तरं देतात, काही उत्तरं पटतात काही ओढूनताणून वाटतात, पण हे प्रश्न विचारणारा पोरगा बिघडलाय असं कोणीही म्हणू नये. मुलाची तक्रार हीच होती. संडे स्कूलमध्ये विचारलं तर "असे प्रश्न सैतान घालतो डोक्यात" असं उत्तर मिळालं होतं, आणि तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता. लहान मुलाच्या प्रामाणिक प्रश्नाला असं उत्तर देणं मला फार चुकीचं वाटतं. तिथेच ते पोर ठरवतं की इथे विचारायचं नाही, आणि मग ते बाहेर जिथे उत्तर मिळेल तिथून घेतं.

नंतर मी तो नेहमीचा प्रयोग करायला लावला, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत आपली बाजू सुरू करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण तासभर गेला. वडील म्हणाले, तुला वाटतं देव नाही कारण तुला कोणाचं बंधन नकोय. मुलगा म्हणाला नाही. वडील म्हणाले, तुला तुझ्या मित्रांनी भरवलंय. नाही. मग मुलाची पाळी, तो म्हणाला, पप्पा, तुम्हाला मरणाची भीती वाटते म्हणून तुम्हाला देव लागतो. वडील म्हणाले, अजिबात नाही, मला मरणाची भीती नाही, तुझी आहे. मग ते बोलत गेले. त्यांचं म्हणणं असं की मला खरोखर वाटतं की येशूशिवाय तारण, म्हणजे मुक्ती, नाही, हे मी रविवारपुरतं बोलत नाही, आणि माझं एकुलतं एक पोर त्याच्या बाहेर चाललंय तर मी गप्प बसू कसा?

मुलाने हे पहिल्यांदाच नीट ऐकलं असावं. मी त्याला म्हटलं, हे असं मानणाऱ्या बापाने तुझ्या मागे न लागणं म्हणजे त्याच्या लेखी तुला वाऱ्यावर सोडणं आहे. त्यांची समजूत तुला पटू नये, चालेल, पण ते तुला छळायला हे करत नाहीत. आणि वडिलांना म्हटलं, विश्वास हुकमावर ठेवता येतो का? उद्या मी म्हटलं की संध्याकाळपर्यंत अमुक गोष्ट खरी माना, तर तुम्ही तोंडाने मानाल, मनाने कसं मानणार? तर ते स्वतःच म्हणाले की आमच्याकडेही विश्वास हे देवाचं दानच म्हटलंय, बायबलात इफिसकरांच्या पत्रात आहे, आपल्या कमाईचा नाही. मी म्हटलं, मग दान मिळालं नाही म्हणून मुलाला शिक्षा कशाची? ते काही बोलले नाहीत, पण ते वाक्य त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

पण खरी गाठ वेगळीच होती. वडिलांचे आजोबा त्यांच्या गावातले पहिले बाप्तिस्मा घेणारे. वडिलांनी शाळेत "बाटगे" ऐकलं, नोकरीत "तुमच्या आज्याने किती पोती गव्हावर धर्म बदलला रे" असं चहाच्या टपरीवर हसत हसत ऐकलं, आणि हसून सोडून द्यायला शिकले. पुण्यातल्या बऱ्याच लोकांना आपण काय बोलून जातो ह्याची कल्पनाही नसते. ज्या माणसाने आयुष्यभर बाहेर हे गिळलं त्याला घरात मुलगा म्हणतो "हे सगळं मिशनऱ्यांनी शिकवलेलं आहे", तेव्हा त्याला बायबलवरचा आक्षेप ऐकू येत नाही, त्याला तो टपरीवरचा आवाज आपल्याच पोराच्या तोंडून ऐकू येतो. वडील हे सांगताना रडले. मुलगा बराच वेळ खाली बघत होता, मग म्हणाला की ऑफिसात एकाने असंच काहीतरी म्हटलं होतं तर मी त्याच्याशी एवढा भांडलो की एचआरपर्यंत गेलं, मी तुम्हाला सांगितलं नाही कारण तुम्ही म्हणाला असता, मग चर्चला का येत नाहीस.

इथे मुलाचा एक मुद्दा मला फार बिनतोड वाटला. तो म्हणाला, पणजोबांनी त्यांच्या बापाचा धर्म सोडला तो स्वतः विचार करून सोडला असं तुम्हीच अभिमानाने सांगता, मग मी विचार केला तर तो गुन्हा कसा? ह्यावर आई बोलल्या, ज्या आतापर्यंत नुसत्या बसून होत्या. त्यांची आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये वाढलेली, त्यामुळे रमाबाई त्यांच्या घरच्याच. त्या म्हणाल्या, रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मग तिथल्या सिस्टरांशीच वाद घातला, त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच देव ह्या शिकवणीबद्दल, प्रश्न विचारले, जे पटलं नाही त्याला पटत नाही म्हणून पत्रांत लिहिलं, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायचं नाही म्हणाल्या, आणि शेवटी त्याच रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. आईंना एवढं बोलताना त्या दोघांनी पाहिलंच नव्हतं बहुतेक. अशा भांडणांत घरातल्या तिसऱ्या माणसाला सगळे फक्त मध्यस्थ म्हणून वापरतात आणि तिचं स्वतःचं मत काय हे कोणी विचारत नाही, हे मी सारखं बघते.

मला स्वतःला अशा वेळी महात्मा फुले आठवतात. ते इथल्याच स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी असं कुटुंब कल्पिलंय जिथे बाई बौद्ध होते, नवरा दोन्ही करार वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता एका घरात नांदतात. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला आणि आपल्याला अजून एका ताटाभोवती हे जमवायला कौन्सेलरकडे यावं लागतं.

मग घरात काय ठरलं ते सांगते, कारण वाचणाऱ्यांना तेच हवं असतं. जेवताना वाद बंद, हे पहिलं. प्रार्थनेच्या वेळी मुलगा हात जोडणार नाही पण मोबाइलही बघणार नाही, आणि वडील त्या प्रार्थनेत "ह्या घरातल्या हरवलेल्या मेंढराला" वगैरे टोमणे घालणार नाहीत, त्यांना मुलासाठी प्रार्थना करायचीय तर ती त्यांनी त्यांच्या खोलीत करावी, मुलाची त्याला काही हरकत नाही. फॅमिली ग्रुपवर कोणी कोणाला खोडायचं नाही, चूक दिसली तर पर्सनलवर. आणि वाद घालायचाच असेल, दोघांनाही खरं तर आवडतो तो, तर आधी विचारायचं, आत्ता बोलूया का? नको म्हटलं तर नको. हे "विचारून" वाद घालणं मी प्रत्येक घराला सांगते.

वडील बायबलमधल्या पेत्राच्या पत्रातली ती ओवी सारखी ऐकवायचे, की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा. मी म्हटलं, पुढचं पण वाचा ना. पुढे लिहिलंय की ते सौम्यतेने द्या. आणि ते कोणी विचारलं तर द्यायचंय.

नाताळात एक अडचण आली. मुलाला कॅरोल्स गायची होती, लहानपणापासून गातो, वडील म्हणाले विश्वास नाही तर गायचं नाही, ढोंग आहे ते. उलट प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या आठवणीत मेजाशी येऊन घेतात ती भाकर आणि द्राक्षारस, तो घेत नव्हता त्याचाही त्यांना राग. म्हणजे गाऊ नको पण भाकर घे. हे त्यांच्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सोडवलं, मी नाही. पाळक म्हणाले, न मानता मेजाशी येण्यापेक्षा तो बाकावर बसून राहतो ह्यात त्या मेजाचा मान आहे, आणि गाण्याबद्दल म्हणाले, गाऊ द्या हो, आम्हाला टेनर, वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, कमीच आहेत. असे पाळक सगळ्यांना मिळत नाहीत, पण मिळाले तर त्यांना मध्ये घ्या, धर्मातला शहाणा माणूस कौन्सेलरपेक्षा जास्त कामाला येतो.

एक गोष्ट मात्र वेगळी काढते. कुठे मुलाचे पैसे बंद केले जातात, मुलीला कोंडून तिच्यावर जबरदस्तीने प्रार्थना केल्या जातात, किंवा उलट सून भाविक आहे म्हणून तिचं बायबल लपवलं जातं, तिथे हा मतभेदाचा प्रश्न उरत नाही, तिथे आधी त्या माणसाची सुरक्षितता. आणि श्रद्धा सुटल्यावर कोणी झोपत नसेल, खात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर वाद राहू द्या बाजूला, सायकॅट्रिस्टकडे न्या.

ह्या घरात मुलगा परत चर्चला जायला लागला नाही, वडीलही बदलले नाहीत. शनिवारी जेवणानंतर ते दोघं बसतात, सध्या त्यांचं यहूदाच्या मरणावरच अडलंय, वडिलांनी कुठूनतरी जाड टीकाग्रंथ आणलाय. आईंचा मागच्या आठवड्यात फोन होता, मुलाने एका मुलीबद्दल घरी सांगितलंय, ती ख्रिस्ती नाही, आणि लग्न चर्चमध्ये की रजिस्टर हा प्रश्न आता येणार. मी म्हटलं, ह्या वेळी भांडण सुरू व्हायच्या आधी या, आणि त्या मुलीलाही घेऊन या.