41व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता येईल का? ती पदवी चालते का?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण सुटलं, तर आता 41व्या वर्षी बी.ए. झेपेल का? आणि मुक्त विद्यापीठाची पदवी लोक खरी धरतात का? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते आधी उरकतो.

धरतात. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2020च्या नियमावलीतच आहे. तरी लोकांची शंका जाईना, म्हणून सप्टेंबर 2022मध्ये यूजीसीने पुन्हा पत्रक काढलं. इग्नू 1985पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989पासून हेच काम करतंय. तुम्ही बघायचं ते एवढंच, की ज्या सत्राला प्रवेश घेताय त्या सत्रासाठी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना. यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. एमपीएससीलाही ही पदवी चालते, पण राज्यसेवेची वयोमर्यादा साधारण खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43. तीन वर्षांनी पदवी हातात येईपर्यंत तुम्ही 44च्या व्हाल. त्यामुळे 'आमच्याकडे बी.ए. करा, अधिकारी व्हा' म्हणून कोणी पैसे मागितले तर दोन हात लांब राहा. बी.एड.चा विचार असेल तर नुसतं पास होऊन भागत नाही, पदवीला खुल्या प्रवर्गात 50 टक्के लागतात.

आता झेपण्याचं. मी एका तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्क सत्रं, म्हणजे प्रत्यक्ष वर्ग, घेतो. तुमच्या वयाच्या बायका अभ्यासात अडकल्याचं क्वचित पाहिलंय. अडकतात त्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता डीईबी आयडी (यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्याला एबीसी आयडी (पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, जिथे जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) लागतो, आणि तो निघतो आधारवरून. आधारवर सासरचं नाव, बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं. नाव जुळत नाही, फॉर्म तिथेच थांबतो. त्यात आधारला मोबाइल नंबर जोडलेला मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो पहिल्या शिफ्टला कंपनीत, आणि ही बाई सायबर कॅफेच्या बाकावर ताटकळत बसलेली. शिक्षण सर्वांसाठी खुलं झालं म्हणून परिपत्रकं निघतात तेव्हा मला तो बाक आठवतो.

म्हणून तुम्ही पुस्तकांच्या आधी हे करा: आधारला स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. लग्नाची नोंदणीच झाली नसेल (आपल्याकडे ती बऱ्याच जणींची नसते) तर ती आता करून घ्या, किंवा राजपत्रात नावबदल द्या. गॅझेट म्हटलं की सेतू केंद्रवाल्याला बरोबर कळतं.

नव्या शैक्षणिक धोरणातली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटली आहे. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. मिळवलेली क्रेडिट्स त्या एबीसी खात्यात जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात. मध्येच बाहेर पडताना काही जादा क्रेडिट्सची अट असते, ती आधी विचारून घ्या. ही सोय अठरा वर्षांच्या पोरांसाठी म्हणून गाजली. खरा उपयोग तुमच्यासारख्यांना आहे. सासूबाईंचं आजारपण निघालं, मुलीची दहावी आली, एक वर्ष राहिलं, तरी केलेलं वाया जात नाही. पूर्वी 'एफ.वाय. झालंय' या वाक्याला कागदावर काही किंमत नव्हती.

विद्यापीठ कोणतं यापेक्षा अभ्यासकेंद्र कोणतं, यावर जास्त डोकं लावा. काही केंद्रांत सत्रं फक्त हजेरीपटावर होतात. फी भरण्याआधी एखाद्या रविवारी जाऊन बघा, वर्ग भरतो का आणि फळ्यावर काही लिहिलेलं आहे का. शिकणाऱ्या एखादीला बाजूला घेऊन विचारा, गृहपाठ तपासून परत मिळतात का. क्लार्कला विचारू नका, तो हो म्हणणारच.

आणि हाताला सवय लावा. वीस-बावीस वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नसतं, मग तीन तासांच्या पेपरात दीड तासातच बोटं आखडतात. उत्तर येत असूनही पेपर अर्धा राहतो. अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना नियमाप्रमाणे तासाला 20 मिनिटं जादा आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो, पण नुसती सवय मोडलेल्याला कोणी काही देत नाही. प्रवेश घेतल्या दिवसापासून आठवड्याला एक पूर्ण उत्तर घड्याळ लावून लिहा. कशावरही लिहा, चालेल.

प्रवेश वर्षातून दोनदा होतात, साधारण जानेवारी आणि जुलैच्या सत्राला. पण सगळे अभ्यासक्रम दोन्ही वेळा नसतात, तेही विचारून घ्या. बारावीची गुणपत्रिका सापडत नसेल तर ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथून दुय्यम प्रत मिळते. बैठक क्रमांक आठवत नसेल तर जुन्या कॉलेजच्या ऑफिसात रजिस्टर असतं, तिथे आधी चक्कर मारा. सुट्टी लागली की ऑफिसात कोणी सापडत नाही.